इथं 'येतो' म्हणायचं नाही

१

पनवेलच्या एसटी स्टँडवरून खाडीच्या अंगानं वीसेक मिनिटं चालत गेलं, की एक जुनी भाताची गिरणी लागायची. गिरणी बंद पडून दहा वर्षं झाली होती. यंत्रं विकली गेली होती आणि एका धर्मादाय ट्रस्टनं तिथं निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला होता. दारावर 'वृद्ध सेवा सदन' अशी पाटी होती, पण गावात ते नाव कोणी घेत नसे. 'अमक्याच्या आईला गिरणीत टाकली' असंच लोक म्हणत. आतले म्हातारेही नवं माणूस आलं की विचारत, "काय, सडायला आलात?" तूस काढायला भात सडतात, आणि इथं माणसंही सडतात. हा विनोद तिथं रोज व्हायचा, आणि रोज कोणीतरी हसायचं.

कमळाकर तिथं १९६१च्या मे महिन्यात रुजू झाला. वय चोवीस, बी. ए., वर मुंबईला समाजसेवेचा दोन वर्षांचा अभ्यास. आठवड्यातले चार दिवस ट्रस्टच्या मुंबईच्या कचेरीत आणि मंगळवार-शुक्रवार गिरणीत. त्याला सावकाश चालता येत नसे, आणि समोरचा माणूस वाक्य संपवेपर्यंत थांबताही येत नसे.

दोन महिन्यांतच त्याचं डोकं फिरलं. गिरणीत कोणी शेवटाला लागलं की चिटणीस दाजीसाहेब टॅक्सी बोलावत आणि त्या माणसाला मुंबईच्या इस्पितळाकडे रवाना करत. तिथं काही व्हायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे. पण संस्थेत माणसं मरतात असं गावात झालं तर नाव खराब होतं. त्या दोन महिन्यांत तिघं गेली, तिघंही वाटेत. एक बाई तर मुंब्र्याजवळ थांबलेल्या टॅक्सीत गेली. जवळ ड्रायव्हरशिवाय कोणी नव्हतं, आणि तोही चहा प्यायला उतरला होता.

"तुम्हाला कुठं मरायचंय, हे त्या बाईला कोणी विचारलं होतं का?" कमळाकरनं दाजीसाहेबांना विचारलं.

"असं कोणी विचारतं का?" दाजीसाहेब म्हणाले. "मरण म्हणजे सिनेमाचं तिकीट नव्हे कमळाकर, कुठली जागा हवी म्हणून विचारायला."

कमळाकरनं विचारायचं ठरवलं. त्यानं एक कागद तयार केला आणि स्टेन्सिल कापून त्याच्या प्रती काढल्या. वर चार प्रश्न होते. दुखणं वाढलं तर मुंबईला न्यावं, की इथंच राहू द्यावं? खरं काय ते सांगावं, की नको? कोणाला कळवावं? आणि चौथा: शेवटचं पाणी कोणाच्या हातचं हवं?

खाली एक ओळ ठेवली होती. 'इच्छेप्रमाणे केले. तारीख. सही.'

२

पहिला प्रश्न विचारायचा अवकाश, म्हातारे "इथंच, इथंच" म्हणायचे.

"मना टॅक्सीत घालू नको बाबा," तुळशीराम म्हणाला. त्याचा सगळा जन्म मिठागरात गेला होता, पायांच्या भेगा मिठानं पांढऱ्या पडल्या होत्या. "मना गाडी लागते."

चौथ्या प्रश्नाला मात्र तो मान वर करून बसला. वरच्या वाशांकडे बघत राहिला. वाशांत अजून जुना तूस अडकलेला होता, वारा आला की खाटांवर भुरभुरायचा.

"दोन पोरगे हायत," तो म्हणाला. "भाऊच्या धक्क्यावर कामाला."

"मग त्यांचं नाव लिहू?"

"ते कवा यायचे? तुजंच लिव."

शेजारच्या खाटेवर सॉलोमनमास्तर होते. पनवेलच्याच शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. मुलगा, सून, नातू इस्राएलला निघून गेले होते. "बोटीवरून रुमाल हलवत 'येतो बाबा' म्हणाले," मास्तर म्हणाले. "बोट दिसेनाशी झाली तरी मला रुमाल दिसत होता. आमच्यात पाण्याचं एवढं नाही रे. पण शेवटच्या घटकेला कानाशी शेमा म्हणायला कोणी हवं. हिब्रू आहे. पाठ करशील?"

कमळाकरनं ती सगळी प्रार्थना वहीत देवनागरीत उतरवून घेतली.

चौदा माणसांपैकी अकरा जणांच्या कागदावर त्यानं स्वतःचंच नाव लिहिलं.  आठवड्यातून दोन दिवस येणारा माणूस अकरा जणांच्या उशाशी वेळेवर कसा पोचणार, एवढा साधा विचार त्याच्या मनात आला नाही.

भामानं चौथी ओळ कोरी ठेवायला लावली. भामाही मिठागरातलीच, सत्तरीची, हाडं तेवढी उरलेली. "पानी मी माज्या हातानं पीन," ती म्हणाली. "तू आपलं पुडचं गिऱ्हाईक बग, कालेज." ती त्याला कालेज म्हणूनच हाक मारायची.

कागद गोळा करून कमळाकर उठला. "बरं, येतो."

"कवा?" भामानं विचारलं.

तो थांबला. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. 'कधी' असं त्यावर कोणी विचारत नाही.

"हितं येतो म्हनू नको," भामा म्हणाली. "कोनी म्हनत नाय. सगल्यांची पोरं त्या फाटकाशी येतो बोलूनच गेली हायत. मंग आमी लोक वाट बगत बसतो. तू आपला जातो म्हन नि जा."

कमळाकर हसला. नंतर त्याच्या ध्यानात आलं, की गिरणीतला जुना नोकर काशिराम संध्याकाळी घरी निघताना नुसती मान उडवतो, तोंडातून शब्द काढत नाही. पण असल्या समजुती मोडायच्याच असतात. तो मुद्दाम प्रत्येक खाटेपाशी गेला आणि म्हणाला, "येतो हं."

चौदा माथी त्याच्याकडे वळली. कोणी हसलं नाही.

३

पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा तुळशीरामची गादी बाहेर उन्हात टाकलेली होती.

"बुधवारी दुपारी गेला," काशिराम म्हणाला. "तीनच्या सुमाराला."

"टॅक्सीत घातलं?"

"नाय. कागदावर हितंच लिवलं होतं ना. दाजीसाहेब धुसफुसत होते, पन तुमी बसला होतात म्हनून काय बोलले नाय."

"कोण बसलं होतं?"

काशिरामनं बादली खाली ठेवली. त्याच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं. दुसरा चांगला होता, आणि त्या डोळ्यानं तो कमळाकरकडे रोखून बघत होता. "तुमी. मीच फुलपात्र आनून दिलं की तुमच्या हातात."

"काशिराम, बुधवारी मी मुंबईत होतो."

"असाल," काशिराम म्हणाला आणि बादली उचलून चालू लागला.

कमळाकर गिरणीतल्या कचेरीत गेला. दाजीसाहेब कागद चाळत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, की परवा दारावरून जाताना तुम्हाला पाठमोरं पाहिलं, पण हाक मारली नाही, तशी ती वेळ नव्हती.

फाइलीत तुळशीरामचा कागद होता. खालच्या ओळीवर बुधवारची तारीख आणि सही. 'कमळाकर' मधल्या शेवटच्या र-ची शेपटी लांब खाली ओढलेली. ती ढब त्यानं कॉलेजात असताना मुद्दाम उचलली होती.

बुधवारी तीन वाजता मुंबईत ट्रस्टच्या बैठकीत तो बोलत होता. आठ माणसं ऐकायला होती. तासभर बोलला होता. मग त्यानं स्वतःला समजावलं, की एकदम इतके कागद भरताना घाईत आपण आधीच सह्या ठोकल्या असतील, आणि तारीख कोणीतरी नंतर घातली असेल. घाईत त्याच्या हातून काय काय झालेलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. त्यामुळे हे पटायला जड गेलं नाही.

तारखेचे आकडेही त्याच्याच वळणाचे होते. ते त्यानं दुसऱ्यांदा पाहिले नाहीत.

४

शेमा पाठ करायचं त्यानं मनावर घेतलं. एसटीत वही उघडली, पहिली ओळ झाली, आणि तेवढ्यात ट्रस्टला पाठवायच्या अहवालातला एक मुद्दा सुचला. वहीचं पान उलटून तो अहवालच लिहीत बसला. असं तीन आठवडे चाललं.

"पाठ झालं का?" सॉलोमनमास्तरांनी एका मंगळवारी विचारलं. त्यांना धाप लागत होती. तीन उशा पाठीशी लावून ते बसून होते.

"अर्धं झालंय, मास्तर."

"बरं, बरं. तुला घाई नाही." थोडा श्वास घेऊन ते म्हणाले, "मला आहे."

ते शनिवारी गेले. निरोप कळून कमळाकर रविवारी पोचला, तेव्हा दफन होऊन गेलं होतं. ओसरीवर मास्तरांची लांबची भाची लीयाबाई त्यांचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती. कमळाकरला पाहून ती उठून उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली. "मी धावत आले तोवर तुम्ही म्हणायला लागला होतात. मी दारातच थांबले. कुठं अडखळला नाहीत. आमचे जुने लोक शेवटच्या शब्दाला लांबवून थांबतात ना, तसेच थांबलात. मामा डोळे मिटून ऐकत होता. किती दिवस लागले हो शिकायला?"

'तो मी नव्हे' हे शब्द कमळाकरच्या जिभेवर आले होते. पण तिचा चेहरा इतका निवलेला होता, की त्याला ते बोलवेना.

"मास्तरांनीच शिकवलं," तो म्हणाला.

एसटीत बसल्यावर त्यानं वही काढली. पहिली ओळ येत होती. त्यापुढचं घाईघाईत लिहिलेलं अक्षर त्याचं त्यालाच लागेना.

५

"तुम्हाला कोण दिसतं?" त्यानं भामाला विचारलं. भर दुपारची वेळ होती. ओसरीच्या उन्हात पाय पसरून ती तांदूळ निवडत होती.

"तू नाय दिसत, येवडं खरं," ती म्हणाली. "तुजावानी हाय. सदरा तुजाच, भांग तुजाच. पन तो बसतो."

"म्हणजे?"

"म्हंजे बसतो. तुला कुटं बसाला येतंय? तू नुसता टेकतोस, बुडाखाली निखारा असल्यावानी. नि तुजी आपली बडबड. तो बोलत नाय. कागद नाय, पेन नाय. हात हातात घेतो नि बसतो. तुळशा मेला त्या दिवशी सकालपासून बसला होता. पानी मागीपर्यंत हालला नाय."

"भीती नाही वाटत?"

भामानं सूप खाली ठेवलं. "वाटते तर. त्यो वरांड्यात आला का समद्या खोल्यांतलं खोकनं बंद होतं. तुळशा बोलला होता मना, त्याचा हात लय गार हाय, माघातल्या मिठागराच्या पान्यावानी. पन कोन येतंय रं दुसरं?"

कमळाकर ओसरीच्या कडेला टेकला. 

"तुजी आय हाय?" तिनं विचारलं.

"गेली. चार वर्षं झाली. माझी परीक्षा होती तेव्हा. मी कार्ड टाकलं होतं, पेपर संपले की येतो म्हणून."

त्यानं ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती. तो सांगत गेला. वडिलांचं पत्र आलं होतं. शेवटी तिला वात होऊन ती बरळू लागली, असं त्यात लिहिलं होतं. 'कमळाकर आला, त्यानं पाणी दिलं' असं म्हणाली आणि शांत झाली. पुढं वडिलांनी लिहिलं होतं: मी त्या वेळी पाणी आणायलाच आत गेलो होतो. बाहेर आलो तर तिचे ओठ ओले होते.

ही शेवटची ओळ त्यानं चार वर्षांत कितीदा तरी वाचली होती. आज पहिल्यांदा ती त्यानं मोठ्यानं उच्चारली, आणि उन्हात बसलेला असून त्याच्या हातावर काटा आला. ओठ ओले होते. 'ओले' या एका शब्दाशी तो कधी थांबलाच नव्हता.

भामा बराच वेळ सुपातल्या तांदळात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "माजा कागद काड. चौथं लिव आता."

"कोणाचं नाव?"

"तुजं. पन तुजंच. त्यो नको मना. मना गार पान्याची भीती हाय. जल्मभर त्याच पान्यात उबी होते. तुज्या हातचं ऊन पानी दे घोटभर. येवडंच हाय माजं."

"मी असेन," कमळाकर म्हणाला. "तुमच्याजवळ मीच असेन, भामाबाय."

६

डिसेंबरात तिनं अंथरूण धरलं. कमळाकरनं मुंबईच्या कचेरीला रजेचा अर्ज पाठवला आणि तिच्या खोलीत स्टूल टाकून बसला. शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवलं. रात्री तिथंच भुईला पाठ टेकली.

बसणं किती अवघड असतं, ते त्याला पहिल्यांदा कळलं. पहिल्या दिवशी तो अकरा वेळा उठला. खिडकी लावली, उघडली, चादर नीट केली, डॉक्टरला चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवशी कमी उठला. वाशांतून तूस पडताना अगदी बारीक आवाज होतो, हे त्याला ऐकू यायला लागलं. शेजारच्या खोलीतला खोकला, काशिरामच्या बादलीची कडी, भामाचा श्वास. श्वास आत गेला की बाहेर येईपर्यंत तोही आपला श्वास धरून ठेवायचा.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचा हात चाचपला.

"ऊन हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बसाला लागलास रं."

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता दारात काशिराम आला. फाटकाशी टॅक्सी आली होती. उद्या सरकारी तपासनीस यायचा होता, आणि म्हातारीला आजच मुंबईला हलवा, असं दाजीसाहेबांनी सांगितलं होतं.

"कागदावर इथंच लिहिलंय," कमळाकर म्हणाला.

"ते तुमी त्यांना सांगा. मी काय सांगू? दोन मिन्टं कचेरीत या बोललेत. नायतर मानसं आत पाठवतील उचलाला."

भामाचे डोळे मिटलेले होते. तिनं त्याचं बोट धरलं होतं, तान्ही मुलं धरतात तसं, घट्ट. त्यानं ते सावकाश सोडवलं. शेगडीवरचं पाणी कोमट होतं. दोन मिनिटं, असं तो स्वतःशी म्हणाला.

७

कचेरीत कमळाकर बोलला, आणि फार चांगलं बोलला. कसं मरावं, कुठं मरावं, कोणाजवळ मरावं, एवढं निवडायचा हक्क माणसाला नसेल तर ही संस्था काढली कशाला, असं त्यानं विचारलं. मुंब्र्याच्या बाईची आठवण दिली. ट्रस्टींना पत्र लिहीन म्हणाला, वर्तमानपत्रात लिहीन म्हणाला. दाजीसाहेब चष्मा पुसत ऐकत राहिले. शेवटी त्यांनी हात वर केले.

"राहू दे बाबा इथंच तिला. टॅक्सी परत पाठवा."

तो जिंकला होता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तो बाहेर आला. व्हरांडा लांबलचक होता. उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते. चार-सहा पावलं टाकल्यावर काय बदललंय ते त्याच्या ध्यानात आलं. कुठल्याच खोलीत कोणी खोकत नव्हतं.

तो धावला नाही. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

भामाचं दार अर्धवट उघडं होतं. स्टुलावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. मानेपाशी केस वाढलेले होते. सदऱ्याच्या पाठीवर तीन दिवसांच्या सुरकुत्या होत्या. खांदे सैल सोडलेले होते. कमळाकरनं स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती. आपण एवढे स्वस्थ बसू शकतो, हेही त्याला कधी माहीत नव्हतं. डावा हात भामाच्या मानेखाली होता, उजव्यात फुलपात्र होतं. शेगडीवरचं भांडं होतं तिथंच होतं, झाकणसुद्धा हललेलं नव्हतं.

भामाचे डोळे उघडे होते. तिनं त्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. कमळाकरला पाहिलं. ओळखलं. मग तिनं जवळच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा दाराकडे. फार थकलेलं माणूस दोन वाटांकडे बघतं, तसं.

त्याला तिचं नाव घ्यायचं होतं. पण आपण हाक मारली तर तो चेहरा वळेल, हेही त्याला कळत होतं.

भामानं डोळे मिटले आणि तोंड फुलपात्राला लावलं. पहिल्या घोटाला ती शहारली. पायापर्यंत शहारली. मग तिचा गळा हलला, एकदा, दोनदा.

"कोन पायजे तुमाला?"

मागे काशिराम उभा होता, हातात बादली. आपल्या चांगल्या डोळ्यानं त्यानं कमळाकरला खालपासून वरपर्यंत पाहिलं. परक्या माणसाला पाहावं तसं पाहिलं.

"काशिराम, मी..."

"हलू बोला. आत कमळाकरभाऊ बसलेत म्हातारीजवल. तीन दिवस हालले नाय बिचारे." त्यानं हात लांब करून दार आवाज न करता ओढून घेतलं. "भेटाची येल चारनंतर. थांबाचं असंल तर तितं बाकावर थांबा."

फाटकापाशी रिकामी टॅक्सी वळत होती. कमळाकर भिंतीला हात टेकून उभा होता. दारापलीकडे काहीच वाजत नव्हतं.

काशिराम चार पावलं गेला आणि त्याला कणव आली असावी, म्हणून परत वळला.

"म्हातारीचे तुमी कोन लागता?" त्यानं विचारलं. "आजवर कदी दिसला नाय तुमी."